घरातला बंदिस्त स्विमिंग पूल: पाणी सांभाळायचं तर हवाही सांभाळावी लागते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही दिसेल. घरातच बांधलेला ८ मीटर बाय ४ मीटरचा तलाव, सरासरी खोली १.४ मीटर. वापर सुरू होऊन सात-आठ महिने झाले. दार उघडताच क्लोरीनचा उग्र वास, डोळ्यांची चुरचुर, काचांवरून पाण्याचे ओघळ. धाकट्या मुलीला पोहून आल्यावर तासभर खोकला येतो. वास जास्त येतो म्हणून तुम्ही टीसीसीएच्या, म्हणजे पाण्यात सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या निम्म्या केल्या, तर वास उलट वाढला. मग मोठा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र बसवलं. काचा थोड्या कोरड्या झाल्या, वास मात्र होता तिथेच. आणि पाणी तपासायची रंगीत चौकोनांची स्ट्रिप म्हणते, क्लोरीन अगदी योग्य आहे.

सर्वांत आधी मुलीबद्दल. हवा सुधारेपर्यंत तिला त्या खोलीत पोहायला सोडू नका आणि खोकला डॉक्टरांना दाखवा, त्यांना तलावाबद्दल आवर्जून सांगा. बाकी सगळं दोन-तीन आठवड्यांत मार्गी लागेल, पण तोवर तिच्या श्वासनलिकेवर प्रयोग नकोत.

तलावांच्या देखभालीत मला वीसहून अधिक वर्षं झाली. घरगुती बंदिस्त तलावाच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत एक गोष्ट सारखी असते: पाणी बघणारा माणूस वेगळा, एसी-पंख्याचं बघणारा वेगळा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. तुमचंही तेच झालंय. पाण्यात जे तयार होतं ते हवेत येतं, हवेत जे साचून राहतं ते पाण्यावर परत दाबून बसतं. ही एकच गोष्ट आहे, दोन नाहीत.

आता वासाचं. नाकाला जो 'क्लोरीनचा' वास येतो तो बहुतेक वेळा मोकळ्या क्लोरीनचा नसतो, क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरची मळी यांतून पाण्यात युरिया आणि अमोनिया येतात. क्लोरीन त्यांच्याशी टप्प्याटप्प्यानं जोडला जातो: आधी मोनोक्लोरामाइन, मग डाय, मग ट्रायक्लोरामाइन. पहिला बराचसा पाण्यातच राहतो. ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं विरघळत नाही, तयार झालं की हवेत निसटतं. डोळे, नाक, घसा यांना तेच झोंबतं. ओलं लाकूड धुमसायला लागलं की धूर होतो. तेव्हा हवा कमी केली तर धूर कमी होत नाही, वाढतो. गोळ्या निम्म्या केल्यावर तुमच्या पाण्यात तेच झालं: घाण पुरती जाळायला क्लोरीन कमी पडला आणि अर्धवट जळालेला माल वाढत गेला. स्वच्छ, नीट सांभाळलेल्या तलावाला जवळजवळ वास नसतो, हे मी ग्राहकांना पहिल्या दिवशीच सांगतो आणि बहुतेकांना ते पटत नाही.

उघड्या तलावाला दोन नोकर फुकट मिळतात. ऊन क्लोरामाइन तोडतं आणि वारा ते उडवून नेतो. छप्पर घातलंत की दोघेही गेले. ती दोन्ही कामं आता तुम्हाला करायची आहेत. या उत्तरातलं पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

स्ट्रिपवर विसंबू नका. तुम्हाला तीन आकडे हवेत: फ्री (मोकळा) क्लोरीन, टोटल (एकूण) क्लोरीन आणि त्यांतला फरक, म्हणजे कंबाइंड क्लोरीन, क्लोरामाइनमध्ये अडकलेला. तो फरक हेच तुमच्या तलावाचं खरं तापमापक आहे. मी ०.२ पीपीएमच्या (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) आत ठेवायचा प्रयत्न करतो आणि ०.४ ला पोचला की लगेच कामाला लागतो. एवढा बारीक फरक रंगाच्या चौकोनांत डोळ्यांना दिसत नाही. थेंब मोजून करायची डीपीडी (क्लोरीननं गुलाबी होणारं रसायन) टायट्रेशनची किट घ्या. २५ मिलिलिटर नमुन्यावर ती एका थेंबाला ०.२ पीपीएम दाखवते. पाणी पिवळं करणारी जुनी ओटीओ किट फक्त टोटल दाखवते, तिचा इथे उपयोग नाही. आणखी एक: साठलेली घाण जाळायला एकदम मोठी मात्रा देणं म्हणजे शॉक; कुणी तुम्हाला बिनक्लोरीनचा शॉक, म्हणजे मोनोपरसल्फेट टाकायला सांगितलं असेल, तर ते पाण्यात असेपर्यंत नेहमीच्या डीपीडी चाचणीत कंबाइंड क्लोरीन म्हणूनच दिसतं. ते टाकल्याबरोबर आकडा वाढलेला बघून घाबरलेले लोक मी पाहिलेत.

तुमच्या बाबतीत मला खरा संशय आहे तो गोळ्यांवर. टीसीसीए क्लोरीन देते, पण सोबत सायन्युरिक ॲसिडही सोडते. दर १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ६ पीपीएम. क्लोरीन खर्च होतो, सायन्युरिक ॲसिड होत नाही, ते साठत जातं. रोज १ पीपीएम क्लोरीन लागतो असं धरलं आणि पाणी फारसं बदललं नाही, तर सहा महिन्यांत ते शंभराच्या पुढे जातं. उघड्या तलावात उन्हापासून क्लोरीन वाचवायला ते थोडं हवंच असतं. तुमच्या छपराखाली ते क्लोरीनला नुसतं धरून बसतं. फसवणूक अशी की धरून ठेवलेला क्लोरीनही चाचणीत फ्री म्हणूनच दिसतो. स्ट्रिप २ दाखवते आणि प्रत्यक्ष कामाला मोकळा असलेला क्लोरीन त्याचा अगदी लहान अंश असतो. तुमची स्ट्रिप खोटं बोलत नाहीये, ती अर्धंच सांगतेय.

दुसरं, टीसीसीए चांगलीच आम्लधर्मी असते. महिनोन्महिने तीच वापरली की क्षारता (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) खाली येते आणि पीएच घसरतो. आम्लधर्मी पाण्यात ट्रायक्लोरामाइन अधिक सहज तयार होतं. पीएच ७.२ च्या खाली असेल तर वासाचं एक कारण तिथेच सापडलं समजा. उलट ७.८ च्या वर गेला तर क्लोरीन मंदावतो: पीएच ७.५ ला त्यातला साधारण निम्मा जोमदार रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. मी बंदिस्त तलावात ७.२ ते ७.५ धरतो आणि क्षारता ७० ते ९० पीपीएमच्या आसपास. क्षारता फार वाढवली तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडत राहतो, पीएच सारखा वर चढतो आणि तुम्ही आयुष्यभर ॲसिड ओतत बसता.

तेव्हा गोळ्या बंद करा आणि लिक्विड क्लोरीनवर, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवर या. पण हे वाक्य नीट वाचा: गोळ्यांच्या फीडरमध्ये किंवा फ्लोटरमध्ये हायपो कधीही टाकू नका, कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडरही नाही आणि हे द्रावणही नाही. ही दोन रसायनं एकत्र आली की आग लागू शकते, विषारी वायू सुटतो. ॲसिड आणि हायपो एकत्र आले तरी क्लोरीन वायू निघतो. रसायनं तलावाच्या खोलीत ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, ॲसिड एका जागी, क्लोरीन दुसऱ्या जागी. या एका गोष्टीत परिस्थितीनुसार काही बदलत नाही.

साठलेलं सायन्युरिक ॲसिड काढायचा घरगुती मार्ग एकच, पाणी बदलणं. निम्मं पाणी बदललं की आकडा निम्मा. एकदम रिकामा मात्र करू नका. जमिनीखाली पाण्याची पातळी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते, लायनर, म्हणजे आतलं प्लास्टिकचं अस्तर, सुटू शकतं. मी एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढत नाही. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो: 'बाष्पीभवनामुळे आम्ही रोज नवीन पाणी घालतोच की.' वाफ शुद्ध पाण्याची होते. विरघळलेलं सगळं मागेच राहतं आणि वर घातलेल्या पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. पाणी खरोखर बाहेर जायला हवं. जर्मनीच्या डीआयएन १९६४३ मानकात सार्वजनिक तलावासाठी प्रत्येक पोहणाऱ्यामागे ३० लिटर ताजं पाणी धरलेलं आहे. घरचे चौघे रोज पोहत असतील तर त्या हिशेबानं १२० लिटर. फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या प्रवाहानं धुऊन ते पाणी बाहेर सोडणं) नियमित केलात तर त्यात बरंचसं भागतं.

आता हवा. तुमची चूक इथेच झाली आहे आणि ती अगदी समजण्यासारखी आहे, कारण डिह्युमिडिफायर विकणारा हे सहसा सांगत नाही: तो ओलावा काढतो, हवा बदलत नाही. खोलीतलीच हवा आत ओढतो, पाणी निथळवतो आणि ट्रायक्लोरामाइनसह तीच हवा परत सोडतो. काचा कोरड्या आणि वास तसाच, हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. त्या वायूला बाहेर काढणं आणि ताजी हवा आत घेणं याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत बंदिस्त तलावाच्या हवेत क्लोरामाइनसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा दिली आहे. घरी ते मोजायचं साधन नसतं. तुम्हाला कंबाइंड क्लोरीन आणि नाक यांवरच भागवावं लागेल. नाकाचंही एक आहे: दहा मिनिटं आत बसलात की त्याला सवय होते. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा.

किती हवा? सार्वजनिक तलावांसाठी ॲश्रे ६२.१ हे वायुवीजनाचं अमेरिकन मानक पाणी आणि भोवतालचा ओटा मिळून दर चौरस मीटरला सेकंदाला २.४ लिटर बाहेरची हवा धरतं. तुमचं पाणी ३२ चौरस मीटर आणि ओटा समजा तेवढाच, तर ताशी साधारण ५५० घनमीटर. घरात दिवसभर इतकी गरज नसते. मी पोहताना आणि नंतर दोन तास पूर्ण ठेवायला सांगतो, एरवी एक तृतीयांश. आणि ती कुठून येते-जाते हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं आहे. पाण्यालगतच्या हवेत हा वायू सर्वांत जास्त, आणि पोहणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं. छताला लावलेला एक्झॉस्ट पंखा वरची बरी हवा काढत राहतो, खालची तशीच पडून राहते. ताजी हवा काचांवरून खाली उतरू द्या, पाण्यावरून सरकू द्या, आणि समोरच्या बाजूला खाली, ओट्याच्या पातळीजवळून बाहेर ओढा.

आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी थोडी जास्त हवी, म्हणजे तलावाची हवा घरात शिरत नाही. तपासायला उपकरण लागत नाही. घराकडचं दार बोटभर उघडा, फटीत पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी तलावाकडे झुकली तर ठीक. घराकडे झुकली तर तो वायू आणि तो ओलावा झोपायच्या खोल्यांपर्यंत पोचतोय.

बाहेरची हवा कशी आहे त्यावर पुढचं ठरतं. बाहेर थंडी असेल तर आत घेतलेली हवा तापल्यावर कोरडी होते, तीच निम्मा ओलावा वाहून नेते. मग उष्णता परत मिळवणारं यंत्र परवडतं. बाहेर दमट असेल तर ती हवा ओलावा घेऊनच येते आणि तुमच्या डिह्युमिडिफायरला खरं काम तिथे आहे. तो घेतलात ते वाया गेलेलं नाही.

ओलाव्याबद्दल लोकांना सर्वांत अवघड जाते ती ही गोष्ट: खोली थंड ठेवली तर ओलावा वाढतो. हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम असावी. पाणी २८ अंश, हवा २९, आर्द्रता ५५ टक्के, पाणी शांत, तर तुमच्या तलावातून दिवसाला साधारण ८५ ते ९० लिटर पाण्याची वाफ होते. वीज वाचवायला हवा २४ अंशांवर आणली, तर आर्द्रता तेवढीच ठेवूनही वाफ तिसऱ्या हिश्शानं वाढते. शिवाय प्रत्येक लिटर वाफेबरोबर पाण्यातली जवळपास दोन तृतीयांश किलोवॉट-तास उष्णता जाते. वाचवलेली वीज पाणी तापवण्यात गेली आणि वर काचा गळायला लागल्या.

काचा का गळतात तेही यातच आहे. २९ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो, १९ अंशांच्या आसपास असतो. ज्या पृष्ठभागाचं तापमान त्याखाली, तिथे पाणी धरणारच. आर्द्रता ७० टक्के झाली की दवबिंदू २३ वर जातो आणि काचेबरोबर कोपऱ्यातल्या भिंतीही ओल्या होतात. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं उपकरण) दोन घ्या, एक पाण्याजवळ आणि एक सर्वांत थंड कोपऱ्यात. ५० ते ६० टक्क्यांत ठेवा. काचेवरचं पाणी निदान दिसतं. मला धास्ती वाटते ती भिंतीच्या आत आणि छताच्या पोकळीत धरणाऱ्या पाण्याची. बाष्परोधक थर आतल्या, उबदार बाजूला सलग घातला आहे का, हे बांधणाऱ्याला विचारा. खोट्या छताचा एक तुकडा काढून टॉर्चनं बघा.

आणि छत उघडलंच आहे तर ते कशावर टांगलंय तेही बघा. ९ मे १९८५ ला स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे जलतरण तलावावरचं टांगलेलं काँक्रीटचं छत कोसळलं आणि १२ माणसं गेली. छत धरणारे हँगर स्टेनलेस स्टीलचे होते. क्लोराइडमुळे ताणाखालच्या स्टीलला आतून तडे गेले होते, वरून गंजाची फारशी कल्पना येत नव्हती. 'स्टेनलेस आहे, काही होत नाही' हे वाक्य तलावाच्या छताबद्दल मी ऐकून घेत नाही. जड काही टांगलेलं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आवरणाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. पाण्यावर पसरायचं आवरण वाफ निम्म्याहून अधिक कमी करतं, म्हणून रात्री ते हवंच. पण त्याखाली क्लोरामाइनही कोंडतं. काही वर्षांपूर्वी एका घरी मी शॉक देऊन, वाफ वाचावी म्हणून आवरण लगेच ओढून घेतलं. सकाळी कंबाइंड क्लोरीन जवळजवळ होता तेवढाच आणि आवरण काढताच खोलीत उभं राहवेना. सुटलेल्या वायूला जायला जागाच ठेवली नव्हती. तेव्हापासून नियम केला: शॉकच्या रात्री आवरण काढलेलं, पंखे पूर्ण, आत कुणी नाही. रोजही पोहण्याआधी अर्धा-एक तास आवरण काढून पंखे चालू ठेवायचे.

शॉकच्या मात्रेबद्दल 'कंबाइंडच्या दहापट' हे सूत्र तुम्हाला सगळीकडे मिळेल. मी ते वापरत नाही. ते प्रमाण मुळात अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनावरून आलेलं आहे, किट मात्र आकडा क्लोरीनमध्ये देते. मोनोक्लोरामाइन तोडायला त्यापेक्षा कितीतरी कमी क्लोरीन पुरतो. युरियासारखे पदार्थ सावकाश तुटतात, त्यांना ढीगभर क्लोरीनपेक्षा वेळ लागतो. आणि एकदम फार चढवलं तर ट्रायक्लोरामाइनच जास्त होतं. मी फ्री क्लोरीन ५ च्या आसपास नेऊन रात्रभर तिथे धरतो, लागलं तर दोन-तीन रात्री. तुमचं पाणी ४५,००० लिटरच्या घरात आहे. १ पीपीएम वाढवायला ४५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांच्या ताज्या हायपोचे साधारण ४५० मिलिलिटर. १ वरून ५ ला न्यायचं तर १.८ लिटर, पंप चालू ठेवून परतीच्या नळासमोर हळूहळू. फ्री ३ च्या खाली आल्याशिवाय पोहणं नाही.

एरवी सायन्युरिक ॲसिड खाली आल्यावर १ ते २ पीपीएम फ्री क्लोरीन एवढ्या वापराला पुरतो. छपराचा मोठा भाग काचेचा असेल, पाणी ३० अंशांवर असेल, किंवा धबधबा, जेट असं काही असेल तर हे आकडे बदलतात, कारण उसळणारं पाणी वाफही वाढवतं आणि वायूही. मिठाचं यंत्र लावायचा सल्ला कुणी दिला तर एवढं लक्षात घ्या की तेही क्लोरीनच बनवतं. वास त्यानं आपोआप जात नाही. यूव्ही दिवा, मध्यम दाबाचा, क्लोरामाइन खरोखर तोडतो आणि मी तो बऱ्याच ठिकाणी बसवलाय, पण हवा आणि पाणी सुधारल्यानंतर. आधी बसवला तर तो दुसऱ्यांच्या चुका झाकत राहतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांत स्वस्त: पोहण्याआधी मिनिटभर साबणानं नीट अंघोळ आणि मुलांना आधी शौचालयात पाठवणं. अंगावरचा घाम, तेल, क्रीम यांतलं बहुतेक त्या एका मिनिटात निघून जातं. मी हे पाहुण्यांनाही सांगायला लावतो. लोकांना संकोच वाटतो, पण त्या घरांचा क्लोरीनचा खप उघड कमी दिसतो.

या आठवड्यात क्रम असा धरा. आज खोलीची खिडकी उघडून पंखा सुरू करा आणि कागदाची पट्टी धरून बघा. उद्या फ्री, टोटल, पीएच, क्षारता आणि सायन्युरिक ॲसिड मोजा. सायन्युरिक ॲसिड ५० च्या वर असेल तर शॉक देऊन काही हाती लागणार नाही, आधी पाणी बदलायला घ्या. पीएच सुधारा, मग शॉक. पाचही आकडे, दोन्ही हायग्रोमीटरचं वाचन आणि एक्झॉस्ट पंखा छतापासून किती खाली आहे ते इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.